बदामाची पाने लाल होताना

रत्नागिरी, जानेवारी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. तुमच्या पार्ल्याच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बदामाची (खायच्या बदामाची नव्हे, आपल्या रस्त्यांवरच्या रुंद पानांच्या बदामाची) पाने लाल होऊ लागली आहेत, शेजारच्या काकांना त्याला कीड लागल्याची शंका येते आहे, आणि तू मात्र कॉलेजला जाता-येता त्याच्याखाली रेंगाळतेस, असे तू लिहिले आहेस. काकांच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. कीड किंवा बुरशी लागलेल्या पानावर तुटक, कडा असलेले, वाळके डाग दिसतात आणि कोवळे-जून असा भेद न करता ते कोणत्याही पानावर येतात. बदामाचा हा रंग मात्र झुबक्यातल्या सर्वांत जुन्या पानापासून सुरू होतो आणि क्रमाने पुढे सरकतो. झाड निरोगी आहे, एवढे त्यांना निश्चिंतपणे सांग. तुझा दुसरा प्रश्न, म्हणजे हे झाड नुसते आवडून न थांबता ते नीट पाहायचे कसे, हा जास्त अवघड आहे आणि हे पत्र मी त्याच्यासाठी लिहीत आहे.

आधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याविषयी बोलते. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या मेपलची आणि काश्मीरच्या चिनारची छायाचित्रे पाहून तू लिहितेस की त्यांच्यापुढे आपला बदाम अगदीच किरकोळ वाटतो. हे माप तू बाजूला ठेवावेस असा माझा आग्रह आहे, आणि तो अभिमानापोटी नसून झाडाच्या स्वभावामुळे आहे. व्हरमाँटमध्ये सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आणि काश्मीर खोऱ्यात ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रंगाचा भर असतो. दिवस झपाट्याने लहान होत जातात, थंडी मागे लागलेली असते आणि झाडाला ठरावीक मुदतीत सगळी पाने आवरावी लागतात. त्यामुळे तिथे डोंगरच्या डोंगर एका सुमाराला रंगतात आणि ते दुरून पाहण्यातच त्यांची शोभा आहे. मुंबईत हिमाची भीती नाही. वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत वरची माती सुकलेली आणि हवा कोरडी झालेली असते. आपल्याकडची पानगळ मुख्यतः या कोरडेपणाशी जुळवून घेतलेली आहे, म्हणून शरदाचे स्वच्छ आकाश येऊन गेले, हेमंतही सरला की शिशिरात ती जाणवू लागते. मुदत इतकी कडक नसल्यामुळे बदाम घाई करत नाही. त्याचे एक पान लाल असते तेव्हा शेजारचे पिवळे, त्याच्या खालचे तपकिरी आणि वरची चार अजून गर्द हिरवी असतात. हे झाड पानागणिक रंगते, आणि म्हणून ते दुरून पाहणाऱ्याला अर्धवट वाटते आणि जवळ येणाऱ्याला वेळ पुरत नाही.

माझा पहिला सल्ला यातूनच निघतो. झाडाकडे पाहताना आधी एक पान निवड, मग ते ज्या झुबक्यात आहे तो झुबका, मग ती फांदी आणि सर्वांत शेवटी संपूर्ण झाड. आपण बहुतेक जण उलट्या क्रमाने जातो, म्हणजे झाड पाहतो, सुंदर आहे म्हणतो, छायाचित्र काढतो आणि निघतो. बदामाची पाने फांदीभर विखुरलेली नसतात, ती डहाळीच्या टोकाशी दाटीने येतात. वीतभर किंवा त्याहूनही लांब, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती होत गेलेली. झुबक्यात खालच्या बाजूला असलेली पाने वयाने मोठी आणि मधली लहान, हे एकदा ध्यानात घेतलेस की रंगाचा क्रम तुला आपोआप वाचता येईल. तुझ्या गच्चीच्या जिन्याच्या खिडकीतून जी फांदी हाताच्या अंतरावर दिसते असे तू लिहितेस, तिच्यावरचा एक झुबका ठरवून टाक आणि पुढचे काही आठवडे त्याच झुबक्याकडे परत परत जा. रंग हिरव्यातून थेट लाल होतो, की मध्ये पिवळा लागतो? पानाची कड आधी बदलते, की मधला भाग? मुख्य शिरेच्या दोन्ही अंगांनी हिरवी पट्टी शेवटपर्यंत उरते का? या प्रश्नांची उत्तरे मी तुला देणार नाही. ती तुझ्या झाडावर लिहिलेली आहेत, आणि माझ्या परिचयाच्या झाडांची उत्तरे तुझ्या झाडाला लागू पडतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. बदामाचे पान जाड, चामड्यासारखे आणि वरून तुकतुकीत असते, त्यामुळे भर दुपारी त्याच्या पृष्ठावर ऊन चमकते आणि खरा रंग त्या चकाकीखाली झाकला जातो. दुपारी काढलेल्या छायाचित्रांत लाल पाने फिकट आणि धुरकट आली आहेत, असे तुला वाटले ते बरोबर आहे. कॅमेऱ्याचा दोष नाही. सकाळी, सूर्य अजून खाली असताना, झाडाच्या पश्चिमेला उभी राहा आणि पूर्वेकडे पाहा, म्हणजे ऊन पानांतून पार होऊन तुझ्याकडे येईल. त्या क्षणी जे लाल दिसते ते पानाच्या आतले लाल असते. संध्याकाळी याच्या उलट बाजूला जा. सध्याच्या दिवसांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे गल्लीच्या उत्तरेकडच्या पदपथावरून दुपारीसुद्धा थोडेफार असे दर्शन होते. आणि एक विनंती आहे. छायाचित्रे पाठवताना फोनमधली रंग भडक करण्याची सोय वापरू नकोस. तिसऱ्या छायाचित्रात तू ती वापरली आहेस हे कळते, कारण त्यात मागची भिंतसुद्धा गुलाबी झाली आहे.

आता पानाच्या आत काय चालले आहे ते थोडे विस्ताराने सांगते, कारण ते कळल्यावर डोळ्यांना जे दिसते त्यात फरक पडतो असा माझा अनुभव आहे. पुष्कळ लोक समजतात की पान म्हातारे होते, हिरवेपणा उडून जातो आणि रंग उरतो. यातले 'उडून जातो' हे चूक आहे. हरितद्रव्य उडत नाही, झाड ते स्वतः उतरवून ठेवते. पानातल्या नायट्रोजनचा मोठा वाटा प्रकाशसंश्लेषणाच्या प्रथिनांत अडकलेला असतो, आणि जमिनीतून नायट्रोजन मिळवणे झाडाला महाग पडत असल्यामुळे पान टाकण्याआधी ती प्रथिने मोडून त्यातला ऐवज फांदीत परत ओढून घेणे त्याला परवडते. निरनिराळ्या वनस्पतींमध्ये प्रमाण बदलते, पण साधारणपणे पानातला निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक नायट्रोजन आणि फॉस्फरस असा परत घेतला जातो. परंतु या प्रथिनांना हरितद्रव्य चिकटलेले असते, आणि मोकळे सुटलेले हरितद्रव्य उजेडात घातक ठरते: ते ऊन शोषत राहते आणि त्या ऊर्जेचे काय करायचे याची व्यवस्था मोडलेली असल्यामुळे पेशीलाच इजा करते. म्हणून झाड टप्प्याटप्प्याने ते तोडून निरुपद्रवी, रंगहीन पदार्थांत बदलते आणि पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे तिच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, टाकून देते. हे हिरवे जाते कुठे, हा प्रश्न फार काळ अनुत्तरित होता. बार्लीच्या हिरवेपणा गेलेल्या पानांतून असा एक रंगहीन अवशेष 1991 मध्ये ओळखता आला तेव्हा त्याचा माग लागला. गंमत अशी की हरितद्रव्याच्या रेणूतले चार नायट्रोजन अणू झाड परत घेत नाही, ते पानाबरोबर खाली पडतात. त्याला हवी असतात ती प्रथिने; हरितद्रव्य निव्वळ वाटेतून दूर करायचे असते.

पिवळ्या रंगाचे उत्तर यातच आले. कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-नारिंगी द्रव्ये पानात पहिल्यापासून असतातच, हिरव्याच्या दाटीत ती दिसत नाहीत इतकेच, आणि हिरवे उतरल्यावर ती समोर येतात. लाल रंगाची कथा मात्र निराळी आहे आणि मला स्वतःला ती अधिक मोलाची वाटते. हा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्याचा आहे आणि तो पानात आधी दडलेला नसतो. पान उतरणीला लागल्यावर, परतावा चालू असताना, साखर खर्चून तो नव्याने तयार केला जातो. जे पान लवकरच टाकायचे आहे त्यात झाड नवा माल का ओतते? याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे आहे की हा रंग आडोसा म्हणून काम करतो. आपल्या कोकणात पावसाआधी कौले चाळायला काढली की माळ्यावर ताडपत्री अंथरतात, तसे आतली यंत्रणा उघडी पडलेली असताना हे लाल द्रव्य जास्तीचे ऊन अडवते आणि फांदीकडे जाणारा ऐवज सुरक्षित पोहोचेपर्यंत पेशींना तगवून धरते. दुसरे एक स्पष्टीकरण डब्ल्यू. डी. हॅमिल्टन आणि सॅम्युएल ब्राउन या जीवशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. समशीतोष्ण प्रदेशातल्या 262 जातींच्या झाडांची माहिती ताडून त्यांनी असे सुचवले की झगझगीत रंग हा मावा किड्यांना दिलेला इशारा आहे, झाड सशक्त आहे आणि इथे अंडी घालण्यात अर्थ नाही असे सांगणारा. या दोन्हींवर अजूनही वाद चालू आहे. बदामापुरते म्हणशील तर माझा कल पहिल्या स्पष्टीकरणाकडे आहे, कारण ते तुला तुझ्याच झाडावर थोडेसे पडताळून पाहता येईल. पूर्ण उन्हात असलेली पाने आणि इमारतीच्या सावलीत किंवा दुसऱ्या पानांखाली दबलेली पाने यांची तुलना कर. आडोशाचा तर्क खरा असेल तर उन्हातली पाने गडद लाल आणि सावलीतली पिवळट राहायला हवीत. काही पानांवर वरच्या पानाची सावली पडून त्याच्या आकाराचा पिवळा ठसासुद्धा उमटलेला कधी कधी सापडतो. तो शोधण्याचा छंद लागला की माणूस सुटत नाही.

याच द्रव्याचे दुसरे रूप तू मार्च-एप्रिलमध्ये पाहशील. आंब्याची पालवी तांबूस-जांभळट असते, पिंपळाची कोवळी पाने गुलाबी छटेची असतात, आणि सह्याद्रीच्या उतारांवरचा कुसुंब त्या दिवसांत अशा लाल पालवीने भरतो की अनोळखी माणूस त्याला फुलले आहे असे समजतो. कोवळ्या पानाची यंत्रणा अजून बसायची असते आणि उतरणीच्या पानाची मोडत आलेली असते, म्हणजे दोन्ही वेळा ते उन्हापुढे दुबळे असते आणि दोन्ही वेळा बहुधा त्याच रंगाचा आधार घेते. आपल्या भागात लालीचे हे दोन मोसम पाठोपाठ येतात हे ध्यानात ठेवलेस, तर मेपलकडे रंगाचा एकच पंधरवडा आहे हे आठवून तुझी तक्रार जरा मवाळ होईल.

तुझ्या गल्लीत आणखी एक प्रयोग आयताच मांडून ठेवलेला आहे. तू पाठवलेल्या दुसऱ्या छायाचित्रात महापालिकेचा दिव्याचा खांब बदामाच्या आडव्या फांद्यांच्या एका थरात घुसलेला दिसतो. 1936 मध्ये एडविन मॅट्झके या अभ्यासकाने न्यूयॉर्क शहरातल्या रस्त्यांवरच्या झाडांविषयी लिहिताना दाखवले होते की दिव्याजवळच्या फांद्यांवरची पाने बाकीच्या झाडापेक्षा उशिरा गळतात, कारण रात्रीच्या उजेडामुळे त्या फांद्यांना दिवस लहान झाल्याचे कळत नाही. आता विचार कर. आपल्या बदामाची पानगळ दिवसाच्या लांबीपेक्षा पाण्याच्या टंचाईशी अधिक जोडलेली असेल, तर दिव्याजवळच्या फांदीत फरक दिसू नये. आणि दिसला, तर आपल्या समजुतीत दुरुस्ती करावी लागेल. त्या फांदीची आणि झाडाच्या अंधाऱ्या बाजूच्या, त्याच उंचीवरच्या फांदीची नोंद वेगवेगळी ठेव. एका झाडावरून सिद्धांत मांडता येत नाही हे तू जाणतेस, पण प्रश्न विचारायला एक झाड पुरते.

नोंदी कशा ठेवायच्या याविषयी मी फार नियम सांगत नाही. आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वारी, त्याच जागी उभे राहून लिही. भारतात सीझनवॉच नावाचा जो लोकसहभागाचा उपक्रम चालतो त्यात कोवळी पाने, पक्व पाने, वाळणारी पाने, कळ्या, फुले, फळे यांपैकी प्रत्येकासाठी काहीच नाही, थोडे किंवा पुष्कळ एवढ्याच तीन पायऱ्या वापरतात, आणि माझ्या मते सुरुवातीला त्याहून बारीक मोजमाप करण्याचा मोह टाळावा. जास्त बारकाईचे तक्ते तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात. त्या नोंदीच्या खाली मात्र दोन-चार वाक्ये मोकळेपणाने लिही: आज काय नवे दिसले, वारा होता का, पाने पडताना कसा आवाज आला. बदामाचे पान जड असल्यामुळे तरंगत येत नाही, फांद्यांवर आपटत खाली येते. शांत दुपारी तो खडखडाट दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतो. तुझ्या नोंदीत एक वर्ष पूर्ण झाले की तिला किंमत येऊ लागेल. काही बदाम वर्षातून दोनदा पाने टाकतात, आणि तुझा त्यांपैकी आहे की नाही हे वर्षभराच्या वहीशिवाय कुणीही सांगू शकणार नाही.

पाने तोडू नकोस, पडलेलीच उचल, हे तुला सांगण्याची गरज नाही. पडलेल्या पानाचा लाल रंग फार टिकत नाही, काही दिवसांत ते तपकिरी होते, म्हणून जपून ठेवायचे असेल तर त्याच दिवशी वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर वजन ठेव आणि कागद रोज बदल. तरीही रंग उतरणारच. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. तशा संग्रहांतले नमुने आकार टिकवतात पण रंग हरवतात, आणि म्हणूनच नमुना गोळा करणारा चांगला अभ्यासक पान ताजे असतानाच त्याचा रंग शब्दांत चिठ्ठीवर लिहून ठेवतो. तूही तसेच कर, आणि लिहिताना 'लाल' या एका शब्दावर भागवू नकोस. आपल्याकडे तांबडा आहे, किरमिजी आहे, डाळिंबी, शेंदरी, विटकरी, मरून, कुंकवाचा, वांगी रंगाकडे झुकणारा असे कितीतरी आहेत, आणि साड्यांच्या दुकानात तुझी आई ते सगळे अचूक वापरते. तिला एकदा झाडाखाली घेऊन जा. मी तर म्हणेन की रंगांच्या बाबतीत तिच्याकडून शिकण्यासारखे माझ्यापेक्षा अधिक आहे.

रंगाच्या पलीकडे हे झाड काय आहे, ते थोडक्यात. त्याचे शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया कॅटॅपा. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ते 1767 मध्ये नोंदवले. आपण खातो त्या बदामाशी त्याचे कुळाचे नाते नाही, तो गुलाबाच्या कुळातला आहे. हा मात्र आपल्या अर्जुन, ऐन, हिरडा आणि बेहड्याचा सख्खा भाऊ आहे. मूळचा तो अंदमान-निकोबार, मलेशिया अशा उष्ण किनाऱ्यांचा. फळाचे साल तंतुमय आणि हलके असल्यामुळे ते समुद्रावर तरंगत दूरवर जाते, आणि किनाऱ्यापासून आत वटवाघळे ते पोहोचवतात. पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड इतकी झाली आहे की मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या मुलांना दगडाने फळ फोडून आतली इवलीशी बी खाणे कुणी शिकवावे लागत नाही. परक्या झाडाचे कौतुक कशाला, असे म्हणणारे काही वृक्षप्रेमी तुला भेटतील. नवे झाड लावताना स्थानिक जात निवडावी हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण जे झाड चाळीस-पन्नास वर्षे गल्लीत उभे आहे त्याच्याकडे पाहताना त्याचे मूळ गाव विचारत बसणे मला रुचत नाही.

आता काकांविषयी पुन्हा. कीड नाही हे पटल्यावर त्यांची दुसरी तक्रार कचऱ्याची असेल, आणि ती तू हसण्यावारी नेऊ नयेस. पाने मोठी असतात, रोज पडतात, आणि ती झाडणाऱ्या बाईंचे काम या दिवसांत खरोखर वाढते. झाडाचे कौतुक आपण करायचे आणि झाडू दुसऱ्याने मारायचा हे काही बरोबर नाही. सोसायटीत पानांसाठी जाळीचा एक वाफा करता आला तर पाहा. ही पाने टॅनिन या तुरट द्रव्यामुळे आणि जाडीमुळे सावकाश कुजतात, तेव्हा ती चुरून, ओली ठेवून, मध्ये मध्ये शेणकाला शिंपडावा लागेल. पाने जाळू मात्र देऊ नका. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये 5,000 रुपयांचा आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपयांचा दंड ठरवला, हे कमिटीला आठवण करून देण्यासारखे आहे. मत्स्यालयात फायटर मासे पाळणारे लोक बदामाची वाळकी पाने पाण्यात टाकण्यासाठी विकत घेतात, ही गोष्ट मात्र काकांना अवश्य सांग. त्यांच्या नजरेत झाडाची पत एकदम वाढेल.

छाटणीची भाषा सुरू झाली तर जास्त सावध राहा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार झाड तोडायला परवानगी लागते, आणि छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करणे हाच योग्य मार्ग आहे. बदामाच्या फांद्या खोडाभोवती आडव्या, थराथरांनी निघतात, आणि दोन थरांमधली मोकळी जागा हेच त्याचे रूप आहे. रंगलेली पाने त्या थरांवर मांडल्यासारखी दिसतात म्हणून तर हे झाड या मोसमात उठून दिसते. शेंडा उडवला किंवा एका बाजूचे थर सपाट कापले, तर झाड जगते, फुटतेही, पण तो घाट बहुधा परत येत नाही. बुंध्याशी पेव्हर ब्लॉक अगदी चिकटवून बसवलेले छायाचित्रात दिसतात. कमिटीशी बोलायला जाशील तेव्हा निदान हातभर माती मोकळी करण्याचे आधी काढ, कारण ते कमी खर्चाचे आहे आणि त्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

माझी स्वतःची आवड विचारलीस म्हणून सांगते. झाड संपूर्ण लाल होते तो दिवस मला तितकासा आवडत नाही. त्याच्या आठ-दहा दिवस आधी, साधारण तिसरा हिस्सा रंगलेला असताना आणि बाकीचा हिरवा असताना, लालाला हिरव्याची जोड मिळते आणि दोन्ही अधिक खुलतात. तुला वेगळे वाटू शकते, आणि वाटले तर ते का, हे मला लिही. पण आपल्याला काय आवडते हे ठरवण्याआधी सगळे टप्पे पाहिलेले असावेत. नाहीतर जो दिवस योगायोगाने रविवारी आला तोच आपल्याला सर्वांत सुंदर वाटत राहतो.

या महिन्याच्या अखेरीपासून पुढे रोज थोडे लक्ष ठेव, कारण त्यानंतरचा भाग झपाट्याने होतो आणि बहुतेकांच्या नजरेतून तो निसटतो. पान गळण्याआधी देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर सुटा होऊ लागतो. ऑक्झिन या संप्रेरकाचा पुरवठा घटतो, इथिलीनचा प्रभाव वाढतो, पेशींमधला सांधा विरघळतो आणि शेवटी पान स्वतःच्या वजनाने किंवा वाऱ्याने तुटते. खाली पडलेल्या पानाच्या देठाचे टोक पाहा, ते फाटलेले नसून स्वच्छ असते, आणि डहाळीवर त्याच जागी वण राहतो. बदामाच्या डहाळ्यांच्या टोकांशी असे वण दाटीने दिसतात. निष्पर्ण अवस्था फार टिकत नाही, थोड्याच दिवसांत टोकांना पोपटी, लव असलेली पालवी येते, आणि काही फांद्यांवर तर जुनी लाल पाने अजून लटकत असतानाच ती डोकावू लागते. तुझ्या झाडावर कोणत्या फांद्या पूर्ण रिकाम्या होऊन मग फुटतात आणि कोणत्या वाट न पाहता फुटतात, आणि दिव्याजवळची फांदी यांपैकी कोणत्या गटात जाते, एवढे फेब्रुवारीत मला कळव. छायाचित्रांऐवजी या वेळी वहीची पाने पाठवलीस तरी चालेल.

आई-बाबांना माझा नमस्कार सांग. काकांनाही.

तुझी,
बाई